काचेबाहेरचे भविष्य

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयात मार्च २०२३मध्ये आफ्रोफ्युचरिझमवरचे, म्हणजे कृष्णवर्णीयांचे भविष्य कल्पिणाऱ्या कलेवरचे, मोठे प्रदर्शन सुरू झाले. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटातला चॅडविक बोझमनचा पोशाख, ‘स्टार ट्रेक’मधला निशेल निकल्सचा लाल गणवेश, लेखिका ऑक्टाव्हिया बटलरचा टाइपरायटर असा ऐवज तिथे मांडला होता. पण पाय अडखळत ते वैमानिकाच्या एका पोशाखापाशी. तो ट्रेव्हॉन मार्टिनचा. विमानांचे वेड असलेल्या या कृष्णवर्णीय मुलाने फ्लोरिडातल्या एका विमानविद्येच्या वर्गात तो घातला होता. फेब्रुवारी २०१२मध्ये, १७ वर्षांचा असताना, त्याला गोळी घालून मारण्यात आले. कृष्णवर्णीयांच्या मुक्तीचे चित्र रंगवताना कलावंत भविष्याकडे का वळतात, ते या एका कपड्याने सांगितले.

तरीही ही कला काचेच्या कपाटात जन्मली नाही. ‘आफ्रोफ्युचरिझम’ हा शब्द समीक्षक मार्क डेरी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरला. त्याआधी कितीतरी वर्षे सन रा हा अलाबामात जन्मलेला पियानोवादक आपण शनी ग्रहावरून आलो असे सांगत, चमचमती वस्त्रे घालून आपल्या ‘आर्केस्ट्रा’सह मैफली करत होता. १९७१मध्ये त्याने बर्कलीच्या विद्यापीठात विश्व आणि कृष्णवर्णीय माणूस या विषयावर वर्गही घेतले. वाजवणे, शिकवणे, मिरवणे, माणसे जमवणे हेच या परंपरेचे मूळ द्रव्य. म्हणून या विषयावरचे प्रदर्शन जोखताना भिंतीवर काय टांगले आहे तेवढे पाहून भागत नाही. त्याच्या जोडीने कोणते कार्यक्रम होतात, कुठे होतात आणि त्यांत कोणाला बोलता येते, हेही तितकेच बारकाईने तपासायला हवे.

समीक्षेत नेमके हेच सुटते. चित्रांवर, मांडणीवर, कॅटलॉगवर रकाने भरतात. मैफली, वाचने आणि कार्यशाळा यांची बोळवण ‘अन्य उपक्रम’ अशा एका ओळीत होते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नोव्हेंबर २०२१मध्ये उघडलेले दालन या संदर्भात लक्षात घ्यावे असे आहे. आजच्या सेंट्रल पार्कच्या जागी पूर्वी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५पासून तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतःच्या मालकीची जमीन घेऊन घरे, चर्च आणि शाळा उभारल्या. बागेसाठी शहराने १८५७पर्यंत ती सगळी वस्ती उठवली. ती उठली नसती तर तिथले घर आज कसे असते, अशी कल्पना करून हॅना बीचलर आणि मिशेल कमांडर यांनी हे दालन रचले. एन्जिडेका अकुनिली क्रॉस्बी यांचा भिंतकागद, जेन एन्किरू यांची चित्रफीत, जुन्या आणि उद्याच्या वस्तूंची सरमिसळ, सगळे देखणे आणि विचारपूर्वक जमवलेले आहे. संग्रहालयाने जॉन जेनिंग्ज यांच्याकडून त्यावर चित्रकथाही करून घेतली, आणि ती घरी नेता येत असल्याने दालनापेक्षा लांब पोहोचते. पण घराकडे प्रेक्षक बाहेरूनच पाहतो. चुलीभोवती बसून कोणी गोष्ट सांगावी, असे हे घर मागत राहते. सेनेका व्हिलेजची मूळ जागा संग्रहालयापासून बागेतून चालत जाण्याइतकी जवळ आहे. अशा दालनाचा खरा जोडकार्यक्रम त्या जमिनीवरच व्हायला हवा.

फिलाडेल्फियात याच्या उलट दिशेने सुरुवात झाली. रशीदा फिलिप्स या गोरगरिबांच्या घरांचे खटले लढणाऱ्या वकील, तर कमाए आयेवा या ‘मूर मदर’ नावाने गाणाऱ्या कवयित्री. दोघींचा ‘ब्लॅक क्वांटम फ्युचरिझम’ हा उपक्रम. २०१६मध्ये त्यांनी उत्तर फिलाडेल्फियाच्या शार्सवूड भागात, रस्त्याला लागून असलेल्या एका गाळ्यात ‘कम्युनिटी फ्युचर्स लॅब’ उघडली. त्याच वर्षी त्या भागातल्या सरकारी घरांच्या उंच इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या आणि पुनर्विकासासाठी आसपासच्या मालमत्तांचे सक्तीने संपादन सुरू होते. गाळ्यात पुस्तके होती, चित्रे होती, कार्यशाळा होत होत्या आणि शेजाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या जात होत्या. त्या आठवणींसोबत लोकांना उद्याची गल्ली कशी हवी, हेही विचारले जात होते. घर जाणार की राहणार या चिंतेत असलेल्या माणसाला भविष्याबद्दल बोलते करणे ही फार अवघड कला आहे, आणि इथे ती साधली गेली. इथे पाहिलेल्या उपक्रमांतले सर्वांत मोलाचे काम हेच, असे निःसंकोच म्हणावे लागेल.

मोठ्या संस्थांनाही ते जमू शकते. हार्लेमच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये २०१५च्या अखेरीस जेनिंग्ज आणि रेनाल्डो अँडरसन यांनी मांडलेले ‘अनव्हेलिंग व्हिजन्स’ हे प्रदर्शन काही महिन्यांतच उतरले. मात्र त्यातून ‘ब्लॅक स्पेक्युलेटिव्ह आर्ट्स मूव्हमेंट’ उभी राहिली आणि तिची संमेलने इतर शहरांत भरू लागली. २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने आफ्रोफ्युचरिझमचा महोत्सव भरवला. फ्लाइंग लोटसपासून सन राच्या आर्केस्ट्रापर्यंत अनेकांनी त्यात वाजवले, आणि शहरभरच्या सहयोगी संस्थांनी चर्चा, चित्रपट आणि प्रदर्शनांची जोड दिली. संगीताची बाजू भक्कम होती. सन रा १९९३मध्ये गेला. १९२४ साली जन्मलेले सॅक्सोफोनवादक मार्शल ॲलन यांनी त्याचा ताफा पुढे चालवला. ज्यांनी हे भविष्य प्रत्यक्ष वाजवले, त्यांतला एक माणूस शंभरी ओलांडल्यावरही सक्रिय राहणे म्हणजे चालताबोलता इतिहासच.

परिसंवादांबद्दल मात्र इतके चांगले लिहवत नाही. ‘आफ्रोफ्युचरिझम म्हणजे काय’ या प्रश्नापासून दर वेळी नव्याने सुरुवात होते, आणि श्रोत्यांच्या वाट्याला शेवटची काही मिनिटे येतात. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत एकोव एशुन यांनी २०२२मध्ये ‘इन द ब्लॅक फँटॅस्टिक’ हे प्रदर्शन मांडले, तेव्हा त्याच नावाने ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपटांची मालिका झाली. व्याख्येचे दळण दळण्यापेक्षा असे सलग चित्रपट पाहणे केव्हाही अधिक शिकवते.

तोशी रेगन यांनी आई बर्निस जॉन्सन रेगन यांच्यासह रचलेला ऑपेरा या सगळ्यांहून वेगळा आहे. आधार बटलर यांच्या १९९३च्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ या कादंबरीचा. थोरल्या रेगन १९६०च्या दशकात नागरी हक्कांच्या सभांमध्ये गायल्या होत्या. त्या सभांमध्ये गाणे ऐकवले जात नसे, सगळे मिळून म्हणत. ऑपेरातही तोशी मध्येच थेट प्रेक्षकांशी बोलतात, त्यांना गाण्यात ओढतात. मुक्तीची चळवळ आणि विज्ञानकथा इथे एकाच सुरात येतात.

मराठी वाचकाला ही परंपरा परकी वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. याच डू बॉइस यांची १९२०मधली ‘द कॉमेट’ ही धूमकेतूची कथा आज आफ्रोफ्युचरिझमच्या आद्य लेखनात मोजली जाते. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरने तर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या राजकीय पक्षाचे नावच घेतले. अशा प्रदर्शनांच्या चर्चांमध्ये हा दुवा ठळकपणे यायला हवा. इथल्या शाहिरीचे आणि तिथल्या सभागीतांचे एकत्र सादरीकरण तर कधीचेच व्हायला हवे होते.

अमेरिकेत आता काळ कठीण आहे. मार्च २०२५मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात वॉशिंग्टनच्या याच संग्रहालयावर नाव घेऊन टीका केली गेली, आणि त्या वसंतात देशभरच्या अनेक कलासंस्थांची केंद्रीय अनुदाने रद्द झाली. निधी आटला की चित्रे निदान गोदामात टिकतात. कार्यशाळा आणि मैफली मागे काही न ठेवता संपतात. त्यांचे ध्वनिमुद्रण, टिपणे, सहभागी लोकांची मनोगते जपून ठेवण्याचे काम संस्थांनी आजच हाती घ्यावे.

नोव्हेंबर २०२५मध्ये हार्लेमचे स्टुडिओ म्युझियम १२५व्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत पुन्हा उघडले. २०१३मध्ये आफ्रोफ्युचरिझमवरचे ‘द शॅडोज टुक शेप’ हे प्रदर्शन याच संग्रहालयात झाले होते. नव्या इमारतीत रस्त्यावरून थेट दिसणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत. हार्लेमच्या घरांपुढच्या पायऱ्यांवरून सुचलेल्या. त्यांवर बसून लोकांनी ऐकावे, पाहावे, बोलावे, अशी योजना आहे. आराखड्यात कार्यक्रमांना मध्यभागी जागा मिळाली. अंदाजपत्रकात ती किती मिळते, हे पुढच्या एकदोन वर्षांत कळेल.