निकॉन एफएम२ पारखताना

सेकंडहँड मॅन्युअल एसएलआर घ्यायचा म्हटलं की पेन्टॅक्स के१००० चं नाव आधी निघतं. दणकट, साधा, शिकायला उत्तम. पण दोन्ही हातात धरून पाहिलेत, तर माझ्यासारखेच तुम्हीही निकॉन एफएम२ जवळ थांबाल, याची मला खात्री आहे.

हा १९८२ साली बाजारात आला. त्याचं शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जाई, आणि तेही निव्वळ स्प्रिंगा आणि दातेरी चाकांच्या बळावर. एवढ्या वेगाला पाती हलकी हवीत, पण लवचीक असून चालत नाही. म्हणून निकॉनने टायटॅनियमचा पातळ पत्रा घेतला आणि त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी नक्षी उठवली. मागचं झाकण उघडलं की ती दिसते. ताकदीसाठी काढलेली ही नक्षी मला साऱ्या कॅमेऱ्यातली सर्वांत देखणी जागा वाटते. पुढच्या काळात पाती साध्या अॅल्युमिनियमची झाली. ती कामाला तितकीच चोख आहेत, पण डोळा मात्र नक्षीच शोधतो.

बॅटरी लागते ती फक्त लाइटमीटरला. फिल्म ओढायची तरफ जराशी बाहेर काढून शटरचं बटण हलकेच दाबा. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला अधिक, शून्य, उणे अशी लाल चिन्हं उजळतात. दिवे तीनच, पण सांगतात पाच गोष्टी: अधिक आणि शून्य एकदम लागले तर प्रकाश किंचित जास्त, नुसतं अधिक लागलं तर बराच. शटरचा आकडा डावीकडे, अॅपर्चरचा वर. डोळा न काढता सगळं कळतं. सेल्फ-टायमरही विचारपूर्वक केलेला आहे. तो लावला की आरसा आधीच वर जातो, त्यामुळे ट्रायपॉडवरच्या लांब एक्सपोजरला त्याचा हादरा बसत नाही.

स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो टिपला तो याच कॅमेऱ्याने आणि १०५ मिमीच्या निक्कोर लेन्सने. फोटो थोरच आहे, पण विकणारा तो सांगून भाव चढवू लागला तर तिकडे लक्ष देऊ नका.

लक्ष द्यायचं ते पात्यांकडे. कुणाचा अंगठा लागून पोचा पडला असेल तर तो कॅमेरा परत ठेवा. डायल एक सेकंदावर लावा आणि कान जवळ न्या. चाकांची घरघर सलग चालली पाहिजे. ती अडखळली तर आत सर्व्हिसिंगचं काम आहे. झाकणाच्या खाचेतला फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, तो स्वस्तात बदलतो. बुरशी मात्र कडक नजरेने पाहा. मुंबईत नि कोकणात पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास असू शकते. अॅपर्चर पूर्ण उघडून लेन्स उजेडाकडे धरली की जाळी दिसते.

जमल्यास १९८४ पासूनचा सुधारित नमुना घ्या. त्याचा फ्लॅश १/२५० सेकंदाला जुळतो, आधीच्याचा १/२०० ला. मात्र नमुन्यापेक्षा अवस्था मोठी. रंग उडालेला पण एक सेकंद नीट मोजणारा एफएम२ चकचकीत पण अडखळणाऱ्यापेक्षा केव्हाही सरस. आणि पैसे देण्याआधी एक रोल काढून, धुऊन पाहायची मुभा मागून घ्या, कारण १/१००० च्या पुढचे वेग कानाला कळत नाहीत.