गुरूचा वडा, शिष्याचा डोळा

श्रावणात आमच्या कर्जत-खालापूर भागातल्या अनेक घरांत नवनाथांची पोथी लागते. मालू कवीचा ‘नवनाथ भक्तिसार’, शके १७४१ मधला, चाळीस अध्यायांचा. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका घरी पारायणाला बसलो होतो. गोरक्षनाथाने भिक्षेत आणलेला वडा मच्छिंद्रनाथांना आवडतो, त्यांना आणखी हवा असतो, गोरक्ष पुन्हा त्याच दारी जातो, घरची बाई म्हणते, गुरूवर एवढी भक्ती असेल तर डोळा दे, आणि हा खरोखर डोळा काढून देतो, ती कथा चालली होती. सातवीतली एक मुलगी मधेच म्हणाली, “आजोबा, वडा गुरूला हवा होता ना? मग डोळा याचा का?”

वाचणारे आजोबा हसले. म्हणाले, “अगं, ती परीक्षा होती. नंतर गुरूंनी डोळा परत दिला.”

“पण परीक्षा आहे हे गोरक्षला आधी माहीत होतं का?”

आजोबांनी पोथीत बोट घालून क्षणभर विचार केला आणि पुढची ओवी घेतली.

त्या मुलीचे दोन प्रश्न घेऊनच हा लेख लिहीत आहे. किंमत कोणी दिली, आणि शिष्याला खरे कधी कळले? आपल्या अद्भुतपटांत गुरू पुष्कळ आहेत. त्यांतले बरेच धड काळे नाहीत, धड पांढरेही नाहीत. शिष्याच्या मायेचा, भीतीचा, कौतुकाच्या भुकेचा ते वापर करतात. गोष्टीचा शेवट गोड झाला की आपण त्याला ‘परीक्षा’ म्हणतो, कडू झाला की ‘कपट’. माझे म्हणणे असे की, शेवटावरून हा निवाडा करू नये. तो या दोन प्रश्नांवरून करावा.

चित्रपटांकडे असे मागच्या बाजूने पाहायची सवय आम्हा इकडच्या लोकांना थोडी आहेच. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे मोगली महाल तिथे उभे राहिले. आजूबाजूच्या गावांतल्या ज्यांनी अशा ठिकाणी रोजावर काम केले, त्यांना तटबंदीच्या मागचे बांबू, पट्ट्या आणि प्लास्टर ठाऊक आहे. गुरूच्या गोष्टीलाही अशी मागची बाजू असते.

पोथीतला मच्छिंद्र आणि पडद्यावरचा

सुरुवात १९३२ पासून करू. ‘अयोध्येचा राजा’नंतर त्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, मच्छिंद्रनाथ गोविंदराव टेंबे, गोरखनाथ मास्टर विनायक, स्त्रीराज्याची राणी दुर्गा खोटे. कॅमेऱ्याच्या करामतींसाठी हा चित्रपट त्या काळी गाजला आणि आजही त्याचे नाव बहुधा त्यासाठीच घेतले जाते. मला त्यातली दुसरीच करामत महत्त्वाची वाटते. ती गोष्टीच्या शेवटात आहे.

पोथीतली कथा आठवून पाहा. मच्छिंद्रनाथ मारुतीला दिलेल्या शब्दापायी स्त्रीराज्यात जातात. तिथे राणीबरोबर संसार मांडतात, मीननाथ नावाचा मुलगा होतो. गुरूला शोधत गोरक्ष नाचगाण्याच्या ताफ्यात सामील होऊन दरबारात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक देतो. गुरू निघतात, पण जड पावलांनी. झोळीत राणीने दिलेली सोन्याची वीट असते आणि वाटेत त्यांना चोरांची भीती वाटू लागते. गोरक्ष ती वीट फेकून देतो. गुरू रागावतात, तेव्हा तो अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतो.

या कथेत गुरू चुकतो, अडकतो, सोन्याला भुलतो आणि शिष्य त्याला सोडवतो. पोथी गुरुभक्तीचीच आहे, पण गुरूचा हा पाय घसरलेला ती झाकत नाही. नाथपंथाची ही कथा लोकांनी इतकी जपली, त्याचे एक कारण मला हेच वाटते. वेळ आली तर शिष्याने गुरूला हाताला धरून बाहेर काढावे, एवढी मोकळीक तिच्यात आहे.

बोलपटाने ही मोकळीक काढून घेतली. मणिशंकर त्रिवेदी यांच्या ‘सिद्धसंसार’ या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात शेवटी उलगडते ते असे, की स्त्रीराज्य, राणी, गुरूचा मोह हे सारे गुरूनेच उभे केलेले मायाजाल होते. गोरखला माया काय असते ते शिकवण्यासाठी.

त्या काळच्या प्रेक्षकाला हा शेवट दिलासा देणारा वाटला असेल. गुरू घसरलाच नव्हता! पण हिशेब मांडून पाहा. गुरूचे चारित्र्य धुऊन काढण्यासाठी त्याला लबाड करावे लागले. पोथीतला मच्छिंद्र दुबळा आहे, पण खोटा नाही. चित्रपटातला मच्छिंद्र निष्कलंक आहे, पण शिष्य तळमळत असताना तो सारे जाणून गप्प बसला आहे. गोरखची धडपड, गुरूविषयीची लाज, त्याला परत आणण्याची जिद्द, या सगळ्याचा शेवटी एक पाठ होऊन जातो. ज्याने गुरूला वाचवले, त्यालाच कळते की वाचवण्यासारखे काही नव्हतेच. मास्टर विनायकांच्या गोरखला हे कळते तेव्हा त्याला कृतज्ञ व्हावे लागते. चिडण्याची सोय गोष्टीत ठेवलेली नाही.

गुरूला चूक करू द्यायची नाही म्हणून त्याच्या कपटाला शिकवण म्हणायचे, ही खोड आपल्याला पडद्यावरच नाही, घरातही आहे.

डोळ्यांची जरब

दोनच वर्षांनी त्याच शांतारामांनी याच्या नेमके उलटे केले. प्रभात तोवर पुण्यात आली होती. १९३४ चा ‘अमृतमंथन’ नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवर बेतलेला. राजा क्रांतिवर्मा बळीची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याला ठार मारायचा कट रचतो. ते काम यशोधर्म या श्रद्धाळू माणसावर येते.

मराठीत राजगुरू केशवराव दाते होते, हिंदीत चंद्रमोहन. पडदाभर दिसणारा चंद्रमोहन यांचा डोळा सिनेमाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. पण राजगुरूचे बळ त्याच्या डोळ्यांत नाही, यशोधर्माच्या श्रद्धेत आहे. राजगुरू त्याला पैसा देत नाही, पद देत नाही. देवीने तुला निवडले आहे, एवढेच त्याला पटवतो. भल्या माणसाकडून वाईट काम करून घ्यायचे तर त्याचा लोभ चाळवून भागत नाही, त्याच्या भलेपणालाच हात घालावा लागतो. राजाचा खून यशोधर्माच्या हातून होतो आणि त्याचे भोग त्याला आणि त्याच्या मुलांना भोगावे लागतात.

मग राजगुरू निव्वळ खलनायक आहे का? तसे असते तर हा चित्रपट नव्वद वर्षांनी आठवायचे कारण नव्हते. तो जे बोलतो त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास आहे. शेवटी सारे हातचे गेल्यावर तो आपलेच शिर देवीला वाहतो. हा क्षण मला नेहमी अडवतो. जो बळी तो दुसऱ्यांकडून मागत होता, तो त्याने स्वतः दिला, पण सगळ्यांत शेवटी, दुसऱ्यांचे देऊन झाल्यावर. किंमत कोणी दिली, याच्या जोडीला म्हणूनच हेही विचारावे लागते की, पहिली कोणी दिली? गुरूचा प्रामाणिकपणा हा शिष्याच्या नुकसानीवरचा उतारा नव्हे.

बापाने शिकवलेली विद्या

मधल्या काळात मराठी पडद्यावर अद्भुताचा गुरू बहुधा विनोदाच्या अंगाने आला. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधला (१९९३) बाबा चमत्कार हा त्यातला सगळ्यांत लाडका. तात्या विंचूला मृत्युंजय मंत्र मिळतो तो त्याच्याकडून, आणि तात्याला संपवायचा उपायही त्याच्याचकडे. आपण हसतो आणि विद्या देणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते, हा प्रश्न हसण्यात निसटून जातो.

तो प्रश्न गंभीरपणे परत आला ‘तुंबाड’मध्ये. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा चित्रपट हिंदी असला तरी त्यातला वाडा, पाऊस, दळण आणि माणसे आपली आहेत. नारायण धारपांच्या भयकथेचा धागाही त्यात आहे. हस्तरच्या सोन्याची गोष्ट म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. मी त्याकडे गुरुपरंपरेची गोष्ट म्हणून पाहतो.

विनायकला गुपित मिळते ते वाड्यातल्या शापित म्हातारीकडून. तिला मरण हवे असते, याला सोने. तो रोकडा व्यवहार आहे आणि दोघांनाही तो माहीत आहे. गुरू-शिष्य नात्यातली फसवणूक सुरू होते ती पुढच्या पिढीत. विनायक आपल्या पोराला, पांडुरंगला, दोरावर चढणे-उतरणे शिकवतो. मेहनत घेतो, दटावतो. पोराला सोन्याची हाव नंतर लागते, आधी त्याला बापाची नजर हवी असते. बापाने ‘शाब्बास’ म्हणावे म्हणून तो त्या गर्भात उतरायला तयार होतो. सरावाला पिठाची बाहुली आणू नकोस असे बजावलेले असताना तो घेऊन येतो. हट्टी म्हणून नव्हे, तयार झालो हे दाखवायला. बाहुल्या वाढवून हस्तरचे धोतरच पळवावे ही कल्पनाही पोराचीच. शिष्य गुरूच्याही पुढे गेला आणि दोघेही त्यात सापडले.

पण ‘तुंबाड’ इथे थांबत नाही, म्हणून तो मोठा. एकाचे अनेक हस्तर होतात तेव्हा बाप बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो आणि पोराला सोडवतो. शापाने विद्रूप झालेला बाप मग ते धोतर पोरापुढे धरतो, आणि पांडुरंग ते घेत नाही. तो बापाला अग्नी देतो. म्हातारीला विनायकने दिली तीच मुक्ती, पण या वेळी बदल्यात काही न घेता. पोरगा बापाचे प्रेम नाकारत नाही, त्याची विद्या नाकारतो. गोरखला १९३२ साली जे करता आले नाही, ते पांडुरंग करतो.

परदेशी अद्भुतपटांनाही हा पेच चुकलेला नाही. आमच्याकडची मुले हॅरी पॉटर हिंदीतून पाहतात. डम्बलडोर या प्रेमळ आजोबांनी हॅरीला एक दिवस मरावे लागणार हे वर्षानुवर्षे लपवले, हे २०११ च्या शेवटच्या भागात उघड होते. हे कपटच आहे. तरी मी डम्बलडोरला राजगुरूच्या रांगेत बसवणार नाही. कारण जंगलात पाऊल टाकण्यापूर्वी हॅरीला सगळे कळलेले असते. तो माघारी फिरू शकत होता. खरे उशिरा कळले, पण शेवटच्या पावलाआधी कळले. यशोधर्माच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

माझा हिशेब

हे सारे मी तटस्थपणे लिहिले असे म्हणालो तर ती लबाडी होईल. माझे शिक्षण बारावीवर थांबले. पुढे जे वाचले, लिहिले, ते एका ज्येष्ठ अभ्यासकांच्या ओट्यावर बसून. सहा वर्षे दर रविवारी जायचो. पाताळगंगेच्या काठच्या गावांतून गोळा केलेल्या कथा, ओव्या, म्हणी त्यांच्या वहीत उतरवायचो. स्वतः लिहू का विचारले की ते म्हणत, “अजून कच्चा आहेस.” मग त्यांचे पुस्तक आले. माझी टिपणे जशीच्या तशी होती, नाव नव्हते. प्रत त्यांनी स्वतः दिली, पहिल्या पानावर ‘प्रिय शिष्यास’ लिहून.

आज ते नाहीत आणि नाव सांगण्यात मला रस नाही. लोक म्हणतात, त्यांनी तुला घडवले. ते खरे आहे. टिपण कसे काढावे, सांगणाऱ्या बाईला मधे कसे थांबवू नये, हे त्यांनीच शिकवले. माझी सहा वर्षे त्यांनी घेतली हेही खरे आहे. कित्येक वर्षे मी या दोन खऱ्यांपैकी एक खोडायचा प्रयत्न करत होतो. ती परीक्षा होती, असे स्वतःला समजावत होतो. ‘माया मच्छिंद्र’चा शेवट मी माझ्या आयुष्याला जोडून घेतला होता. करड्या गुरूंच्या या गोष्टी पाहता पाहता कळले की खोडायची गरज नाही. विद्या घ्यावी, ऋण मानावे आणि फसवणुकीला फसवणूक म्हणावे. ही तिन्ही एका माणसाबद्दल एकाच वेळी करता येतात.

मग चांगला गुरू कसा असतो? मला एकच दाखला सुचतो, तो आमच्या स्टेशनातला. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जास्तीची इंजिने लागतात. ती बोरघाट चढवतात. लोणावळ्याला गाडीपासून सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. पुण्याच्या फलाटावर कोणी त्यांची आठवण काढत नाही. ती लागेपर्यंत गाडी कर्जतला थांबते आणि त्या थांब्यावरच आमच्या गावच्या वड्याचे नाव झाले.

परवा ती मुलगी आईबरोबर स्टेशनात भेटली. मी तिला वडा घेऊन दिला. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग विचारले, “बदल्यात काही नको ना?”

नको म्हणालो.