कमरेचा नाद

समकालीन नर्तक अस्ताद देबू म्हटले की घोळदार झग्यातली, श्वास रोखायला लावणारी संथ गिरकी आठवते. पण २०२० च्या डिसेंबरात मुंबईत संपलेल्या त्या दीर्घ कारकिर्दीचा खरा ठेवा मला त्यांच्या शिकवण्यात दिसतो, आणि नंदुरबारमध्ये नाच बसवणाऱ्यांनी तो तपासावा असे वाटते. जन्म १९४७ चा, नवसारीचा. म्हणजे सुरतेहून नंदुरबारकडे निघणाऱ्या ताप्ती लाइनीच्या शेजारचाच. जमशेदपुरात कथक, लंडनमध्ये मार्था ग्रॅहम यांचे तंत्र, परतल्यावर कथकली. इतके सगळे अंगात मुरलेल्या माणसाने कोलकात्याच्या आणि चेन्नईच्या कर्णबधिर कलावंतांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. ज्यांना संगीत ऐकूच येत नाही त्यांच्या अंगात लय उभी करायची, तर ती लाऊडस्पीकरमधून येणार नाही. मोजून, बघून, एकमेकांच्या हालचालीतूनच यावी लागते. मणिपूरच्या पुंग चोलोम, म्हणजे पुंग हा ढोल वाजवत नाचणाऱ्या वादकांनाही त्यांनी मंचावर आणले. नाचणाराच वाजवणारा, ही त्या कलेची मूळ अट; गती मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने संथ केली.

हीच अट नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत आहे. परंपरा थेट १२४६ पर्यंत मागे नेली जाते. या होळीत नाचण्यासाठी बावा-बुध्या होणारे आधी पालनी हे व्रत पाळतात, खाटेवर बसत-निजत नाहीत. मग अंगभर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. ही कंबर शोभेची नव्हे, ते वाद्य आहे. ढोल घुमतो आणि त्याला पाऊल व कंबर मिळून उत्तर देतात. आता शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात याच वेशाचे काय होते ते पाहा. गाणे रेकॉर्ड केलेले, रांगा सरळ, सगळ्यांची तोंडे प्रेक्षकांकडे. मोरपिसे असतात, पण कमरेचा नाद स्पीकरखाली बुडतो. नृत्य बसवणाऱ्याने वेश उचलला आणि त्यातले वाद्यच मागे ठेवले. मुलांच्या मेहनतीत खोट नाही, बसवण्याच्या समजुतीत आहे.

यावर कोणी म्हणेल, हे व्रत आहे, मंचावर आणूच नका. पालनी मंचावर येत नाही आणि येऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दोन तृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी आहेत, तिथल्या मुलांना आपला नाच मंचावर करावासा वाटणारच; तो त्यांचा हक्कही आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. देबूंच्या प्रयोगांत जाहिरातीवर मोठे नाव देबूंचे, वादक त्यांच्यामागे. समकालीन नृत्याची ही रीत शहरात एक वेळ खपते, सातपुड्यात खपू नये. इथे लय ढोलवाल्याच्या हातात असते, बसवणारा फक्त जागा ठरवतो. म्हणून ढोलवाल्याला विंगेत नव्हे, रिंगणाच्या मध्यात उभे करावे, तालमीला पहिल्या दिवसापासून बोलवावे, मानधन द्यावे आणि पत्रकात नृत्यदिग्दर्शनाच्या ओळीत आधी त्याचे नाव छापावे. रेकॉर्डिंग बंद झाले की मुलांना स्वतःच्या कमरेचे घुंगरू पहिल्यांदा ऐकू येतील.