पाठींतून दिसणारे हात

छायाचित्रकार लुइस हाइनच्या इवेन ब्रेकरच्या, म्हणजे कोळसा फोडून निवडायच्या कारखान्याच्या, छायाचित्रात दिसतात त्या मुलांच्या पाठी. फळ्यांवर ओळीनं बसलेली, टोप्या घातलेली, पुढे वाकलेली मुलं आणि खिडक्यांतून येणारा मळकट उजेड. हात मात्र जवळजवळ दिसतच नाहीत. जानेवारी १९११, साउथ पिट्स्टन, पेनसिल्व्हेनिया. बालमजुरीविरोधी समितीसाठी हाइन तिथे गेला होता.

ते हात काय करत होते, हे कळल्याशिवाय या पाठी वाचता येत नाहीत. अँथ्रासाइट कोळसा जवळजवळ धुराविना जळतो, म्हणून तेव्हा घरोघरी त्याला मागणी असे. पण खाणीतून तो स्लेटचा दगड घेऊनच वर येतो, आणि जितकी स्लेट मागे राहील तितकी शेगडीत राख. दातेरी रुळांखाली फुटलेला, चाळलेला कोळसा उतरत्या पन्हळीतून घसरत येई. मुलं पाय रोवून तो अडवत आणि स्लेट वेचून बाजूला टाकत. कोळसा काळा, स्लेटही काळपट. फरक कळायचा तो चकाकीवरून, वजनावरून, बोटांना लागणाऱ्या पोतावरून. त्यामुळे हातमोजे नाहीत. बोटं सुजत, फुटत. काही तुकड्यांत कोळसा आणि दगड थराथरांनी जुळलेले. ठेवायचा की टाकायचा, हे क्षणात ठरवायचं. नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी!

ही सगळी घाई हाइननं पाठीच्या कमानीत पकडली आहे. पन्हळीचा उतार आणि कण्याचा बाक एकाच दिशेनं जातात. नजर आपोआप तिथे घसरते जिथे हात असणार. त्याच महिन्यात ह्यूजटाउनला त्यानं काढलेला मुलांचा समूह जास्त ओळखीचा आहे. काजळलेले चेहरे थेट आपल्याकडे पाहतात, काळीज लगेच हलतं. तरी मला इवेनचं चित्र थोर वाटतं. इथे मान वर करायलाही सवड नाही, आणि ते सांगायला हाइनला एकाही चेहऱ्याची गरज पडलेली नाही. धूळ कधी कधी इतकी दाटे की समोरचं दिसेना, अशी त्याची टीप आहे. चित्रातला उजेड त्या धुळीतूनच गाळून आलेला आहे.

पुढे १९२०च्या दशकात वाळू ढवळलेल्या पाण्यात कोळसा तरंगवून स्लेट बुडवायची पद्धत रुळली. पाण्याच्या झटक्यांनी दगड वेगळा करणारी जिग यंत्रं तर १९११ मध्येही होती. तरी ही मुलं त्या फळ्यांवर होती, कारण ती स्वस्त पडत.