'मी'चा विलय : 'शॅन-नोस नूआ'चा अन्वयार्थ

मराठीत गाणे जसे 'म्हणतात', तसाच प्रयोग आयरिश भाषेतही रूढ आहे. गाण्याचा आग्रह करताना तिथे जे क्रियापद योजले जाते, ते मुळात बोलण्याचे, सांगण्याचे आहे. 'शॅन-नोस', अर्थात 'जुनी रीत', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गायनपद्धतीचे मर्म या एका शब्दप्रयोगात आले आहे. साथीला वाद्य नाही, बांधीव ताल नाही. एकट्या गळ्याने, शब्दांच्या वजनाप्रमाणे लय सैल-घट्ट करीत, स्वरांना बारीक मुरडी देत गाणे सांगितले जाते. कॉनेमारा, मन्स्टर आणि डोनेगल येथील रीतींत लक्षणीय फरक आहेत. परंतु गाणाऱ्याने डोळे मिटून वा भिंतीकडे तोंड वळवून गावे, शेजारच्याने त्याचा हात हाती घेऊन हळूहळू फिरवीत राहावे, या जुन्या प्रघातांतून एकच गोष्ट सूचित होते : गाणारा हा गाण्याचा धनी नसून वाहक असतो.

या परंपरेचे नाव शिनेड ओ'कॉनर (१९६६–२०२३) या गायिकेने २००२ साली आपल्या ध्वनिमुद्रिकेला दिले, आणि त्यापुढे 'नूआ', म्हणजे 'नवी', हे विशेषण लावले. हे शीर्षक धिटाईचे आहे. ओ'कॉनरची सारी कीर्ती 'मी'वर उभी होती. १९९० साली जगभर गाजलेले तिचे गाणे वस्तुतः प्रिन्सने लिहिलेले. पण त्याच्या चित्रफितीत तिच्या गालावरून ओघळलेले अश्रू प्रेक्षकांनी तिच्याच आयुष्याचे मानले, आणि गाणे तिचे झाले. १९९२ च्या ऑक्टोबरात अमेरिकी दूरचित्रवाणीवर तिने पोपचे छायाचित्र फाडल्यानंतर तर गाणे आणि गाणारी यांतील अंतर श्रोत्यांच्या लेखी उरलेच नाही. अशा गायिकेने शांत, संथ सुरात तेरा जुनी गाणी म्हणावीत, याला अनेकांनी निवळणे म्हटले. ते तेवढेच आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम शीर्षकाचा दावा तपासावा लागतो, आणि काटेकोर कसोटी लावल्यास तो टिकत नाही. तेरांपैकी केवळ दोन गाणी आयरिश भाषेतील आहेत. त्यांतले 'ओरो शे दो व्हाहा वालिया' हे पॅट्रिक पिअर्सने राष्ट्रवादी चळवळीसाठी नव्याने घडवलेले कूचगीत. दुसरे, 'बाजीन एलिमी', शाळकरी मुलांना शिकवले जाणारे. उरलेली इंग्रजी गाणी. 'माय लॅगन लव्ह'चे शब्द जोसेफ कॅम्बेल या कवीचे असून ते १९०४ मध्ये छापील संग्रहातून पुढे आले. 'मॉली मलोन' तर १८८० च्या दशकात प्रकाशित झालेले, करमणुकीच्या रंगमंचाच्या वळणाचे गीत. म्हणजे ज्याला आज 'लोक' म्हणून ओळखले जाते, त्यातील बराच भाग छापखाना, चळवळ आणि बाजार यांनी घडवला आहे. देशीयतेचा पुकारा करणाऱ्या कोणत्याही समीक्षेने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शुद्ध मुळाच्या शोधात निघालेल्याच्या हाती बहुधा एखादे पाठ्यपुस्तकच लागते.

या वस्तुस्थितीने ध्वनिमुद्रिका खोटी ठरत नाही. फक्त तिचे नवेपण भाषेत वा गाण्यांच्या प्राचीनत्वात न शोधता ध्वनीच्या रचनेत शोधावे लागते. येथे दोन भिन्न कुळांचे निर्माते आहेत. डोनल लनी हा 'प्लँक्स्टी' या सत्तरच्या दशकातील गटाचा संस्थापक-वादक. आयरिश लोकसंगीताला बुझुकीसारख्या परक्या वाद्याची सवय लावणाऱ्यांपैकी एक. एड्रियन शेरवुड हा जमैकाच्या 'डब' पद्धतीचा लंडनमधील जाणकार. डबमध्ये गाण्यातले वाद्य मधूनच काढून घेतले जाते, उरलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी लांबवला जातो, आणि रिकामी जागाच ऐकू येऊ लागते. एकट्या गळ्याभोवतीची शांतता हा शॅन-नोसचा प्राण. तिची जागा येथे प्रतिध्वनीने घेतली आहे. कल्पना मार्मिक आहे.

प्रत्यक्षात ती सर्वत्र साधलेली नाही. 'ओरो'मध्ये ढोलांचा जोर गाण्याच्या मूळ कूचस्वभावाला अनुकूल आहे. काही संथ गाण्यांत मात्र प्रतिध्वनीचे धुके सगळे कंगोरे बुजवून टाकते. येथे तिच्याच १९९० च्या 'आय अॅम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह'ची आठवण अपरिहार्य होते. जुन्या आयरिश कवितेचा फ्रँक ओ'कॉनरने केलेला अनुवाद तिने जेम्स ब्राउनच्या मुद्रिकेतून उचललेल्या ढोलाच्या आवर्तनावर गायिला होता. कबरीवर पडून राहिलेल्या प्रियकराचा विलाप आणि यंत्रवत फिरणारा अमेरिकी ठेका यांत कसलाही समेट नव्हता, आणि त्या विसंवादातूनच त्या गाण्याला तेज आले होते. २००२ मध्ये समेट झाला आहे, आणि त्याची किंमतही मोजली गेली आहे.

तरीही 'पॅडीज लॅमेंट' ऐकताना हा आक्षेप मागे पडतो. आयर्लंडमधील हलाखीला कंटाळून अमेरिकेस गेलेला, तेथे उतरताच लिंकनच्या सैन्यात लढण्यास धाडलेला आणि पाय गमावून बसलेला एक स्थलांतरित इतरांना 'येऊ नका' असे बजावतो, एवढाच त्याचा आशय. दुष्काळावर तिने १९९४ मध्ये स्वतः रचलेल्या गीतात ती वाद घालीत होती, निदान करीत होती. येथे निदान नाही. बोलणारा 'मी' हा लंगडा शिपाई आहे, आणि गायिका आपला संताप त्याच्या वाक्यांपलीकडे जाऊ देत नाही. संताप ओसरला आहे असे मात्र नव्हे. तो दुसऱ्याच्या तोंडी गेला आहे. ज्याला निवळणे म्हटले गेले, ते बहुधा हेच असावे. 'पेगी गॉर्डन'मध्ये पुरुषाने प्रेयसीला उद्देशून म्हटलेले शब्द ती न बदलता गाते, तेव्हाही असेच होते. गाण्याने तिला वाकवले आहे, तिने गाण्याला नाही.

याची परिणती 'लॉर्ड बेकर'मध्ये होते. जवळजवळ बारा मिनिटांचे हे कथागीत क्रिस्टी मूरने 'प्लँक्स्टी'बरोबर १९८३ मध्ये गायिले होते. येथे तो ओ'कॉनरबरोबर आहे. तुर्कस्तानात बंदी झालेल्या उमरावाला तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी सोडवते, सात वर्षांचा करार होतो, मुदत संपल्यावर ती समुद्र ओलांडून त्याच्या दारी येते, आणि तो दिवस नेमका त्याच्या विवाहाचा असतो. गोष्टीत कुणाच्या मनाचे विश्लेषण नाही. नववधूवर जो अन्याय होतो त्यावर एक शब्दही टिप्पणी नाही. दोन आवाज आळीपाळीने कडवी पुढे नेतात; कोणता आवाज कोणत्या पात्राचा, हा हिशेब थोड्याच वेळात निरर्थक होतो, कारण दोघेही केवळ सांगत असतात. मूळ पद्धतीतील साथविरहित एकलगायन येथे नाही, भाषाही ती नाही. पण शॅन-नोसमधला गाण्याचा वाहक ओळखायचा असेल, तर तो या बारा मिनिटांत ओळखता येतो. त्यानंतर 'आय विल टेल मी मा' हे बेलफास्टच्या गल्ल्यांतले पोरांचे गाणे येते आणि ध्वनिमुद्रिका संपते.