हौसेला मोल नसतं, पण माप असतं

आज आपण दोन कृती शेजारी शेजारी ठेवून बघणार आहोत. दोन्ही इंग्रजी, दोन्ही 1953 सालच्या आणि दोन्हींचा विषय एकच : बंद पडू घातलेली छोटी रेल्वे सामान्य माणसं स्वतः चालवायला घेतात. एक ईलिंग स्टुडिओचा चित्रपट, ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’. दुसरं एल. टी. सी. रोल्ट यांचं पुस्तक, ‘रेल्वे ॲडव्हेंचर’. चित्रपट गोड आहे, तो पुन्हा पुन्हा बघितला जातो. पण जतन म्हणजे नेमकं काय, हे पुस्तकाला जास्त कळलं आहे असं आमचं म्हणणं आहे.

आधी प्रत्यक्षात काय घडलं ते सांगू. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची रेल्वे आहे. डोंगरातल्या खाणीतली स्लेट समुद्रकाठच्या टाउइन गावी आणण्यासाठी 1860च्या दशकात ती बांधली. दोन रुळांमधलं अंतर अवघं 2 फूट 3 इंच. 1946 मध्ये खाण बंद झाली. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून ही वगळली गेली. मालक सर हेन्री हेडन जोन्स पदराला खार लावून ती चालवत राहिले आणि 1950 मध्ये वारले. त्याच ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला सभा भरली, जतन संस्था निघाली आणि मे 1951 मध्ये स्वयंसेवकांची गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे मानतात. रोल्ट हे तिचे सुरुवातीचे व्यवस्थापक.

चित्रपटाचे पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क यांना कल्पना सुचली ती इथूनच. दिग्दर्शन चार्ल्स क्रायटन यांचं. गावची रेल्वे सरकार बंद करतं. पाद्रीबाबा, तरुण जमीनदार आणि एक दारूबाज धनिक मिळून ती चालवायला घेतात. धनिक पैसे का देतो? तर एरवी दुकानं उघडायच्या आधी, भल्या सकाळी, गाडीतल्या बारमध्ये प्यायला मिळेल म्हणून! हा विनोद आम्हाला फार आवडतो, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. लोक एखाद्या कामासाठी एकत्र येतात, तेव्हा सगळ्यांचीच कारणं काही उदात्त नसतात; आणि त्याने काम अडतंच असंही नाही.

आता अडचण कुठे येते ते बघा. चित्रपटाला खलनायक लागतो. तो बस कंपनीच्या मालकांच्या रूपाने मिळतो. ते घातपात करतात, इंजिन निकामी होतं. मग गावकरी संग्रहालयातलं जुनं इंजिन, म्हणजे थंडरबोल्ट, बाहेर काढतात, कोळसा-पाणी घालतात, आणि ते धावतं. टॅलिलिनला असा खलनायक नव्हताच. तिचा शत्रू होता गंज आणि कुजलेलं लाकूड. त्याला पडद्यावर ठोसा मारता येत नाही. शिवाय चित्रपटात गाव स्वतःची रेल्वे वाचवतं. इथे मात्र पहिली सभा भरली ती दूरच्या औद्योगिक शहरात. ज्यांच्या रोजच्या येण्याजाण्याची ती गाडी नव्हती, अशी माणसं पुढे आली. मग ही रेल्वे कोणाची? जन्माने जवळ असलेल्यांची, की राबणाऱ्यांची? चित्रपटात हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण दोन्ही माणसं तिथे एकच आहेत.

पुस्तक इथेच सरस ठरतं. रोल्ट यांच्या हाती आलेल्या मार्गावर स्लीपर इतके कुजले होते, की रूळ जागेवर होते ते बरेचसे वर वाढलेल्या गवताच्या आणि मातीच्या जोरावर. पहिल्या वर्षी धावण्याजोगं इंजिन एकच होतं, डॉल्गॉख. मग बंद पडलेल्या शेजारच्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं ब्रिटिश रेल्वेकडून विकत घेतली. गेज तोच, 2 फूट 3 इंच. पण त्यातलं एक इंजिन रुळांवर चढवलं आणि ते घसरू लागलं. का? त्याची चाकं बरोबर होती. रुळांमधलंच अंतर ठरलेल्या मापापेक्षा जास्त होतं. आहे ना विचार करण्यासारखं? जुन्या दोस्ताने सांभाळून घेतलं होतं, नव्याने घेतलं नाही. नव्या इंजिनाने मार्गाचं खरं माप दाखवून दिलं. यावर उपाय एकच, पावसात उभं राहून एकेक स्लीपर बदलणं.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसतं. बरोबर आहे. पण हौसेला माप असतं. आपण ‘हौशी’ हा शब्द कधी कौतुकाने वापरतो, कधी ‘चालायचंच’ अशी सूट देण्यासाठी. रुळांवर ही सूट मिळत नाही. मागच्या डब्यात प्रवासी बसलेले असतात.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे ‘मिलिंदपञ्ह’ आठवणारच. नागसेन राजाला विचारतो : रथ म्हणजे चाक का? आस का? साटा का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. टॅलिलिनचे स्लीपर बदलले, रूळ बदलले, बॉयलर बदलले. मग जतन काय झालं? आमचं उत्तर असं, की जतन झालं ते करता येणं. आग कशी पेटवायची, फाकलेला रूळ कसा ओळखायचा, हे एकाने दुसऱ्याला शिकवत राहणं. वस्तू काचेमागे ठेवून टिकते. विद्या मात्र शिष्य मिळाला तरच टिकते.

चित्रपटावर अन्याय नको. थंडरबोल्टची भूमिका करणारं ‘लायन’ हे 1838 सालचं खरंखुरं इंजिन. तेही वर्षानुवर्षं लिव्हरपूलच्या गोदीत पंप चालवत पडलं होतं आणि जाणकारांनी ओळखून वाचवलं. आणि शेवटचा प्रसंग तर अस्सल आहे. गाडी परीक्षेत उशिरा पोचते, सगळ्यांचे चेहरे पडतात. आणि तो उशीरच त्यांना तारतो, कारण वेळेवर आली असती तर हलक्या रेल्वेची वेगमर्यादा ओलांडली गेली असती. परवाना प्रेमाला मिळत नाही, मर्यादा पाळणाऱ्याला मिळतो, हे चित्रपटाने हसत हसत का होईना, सांगितलं.

फक्त तो तिथे थांबतो. टाळ्या, शिट्ट्या, समाप्त. चित्रीकरण झालं तो बाथजवळचा मार्ग आधीच बंद झालेला होता, पुन्हा सुरू झाला नाही, आणि पुढे त्याचे रूळही उचलले गेले. टॅलिलिन आजही चालते. कारण तिथल्या लोकांनी पहिल्या गाडीच्या दुसऱ्या दिवशीही फावडं उचललं. जतनावरची कुठलीही कृती वाचताना, बघताना आपण हेच विचारावं : हिच्यात दुसरा दिवस आहे का?

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.