घरातलेच परके

शिवणयंत्रावर वाकलेली मय्या मनातल्या मनात देवाला आळवते आहे. लंडनहून परतलेला अली बिन खलफ एकदा दृष्टीस पडावा, एवढंच तिचं मागणं. तेवढ्यात आई येऊन सांगते, की सुलेमान व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ सांगून आलं आहे. मय्या विरोध करत नाही, रडून गोंधळ घालत नाही, लग्न होतं. पुढे पहिली मुलगी झाल्यावर मात्र ती तिचं नाव 'लंडन' ठेवते. अल-अवाफी या ओमानी खेड्यात आयाबाया चक्रावतात, पण मय्या आपला हट्ट सोडत नाही. त्या नावामागचं कारण वाचकाला ठाऊक असतं. तिच्या नवऱ्याला, अब्दुल्लाला, ठाऊक नसतं.

जोखा अल्हार्थी यांची ही कादंबरी अरबीत 2010 साली आली. मर्लिन बूथ यांनी केलेल्या 'सेलेस्टियल बॉडीज' या इंग्रजी अनुवादाला 2019चं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मूळ अरबी पुस्तकाला हा मान प्रथमच मिळत होता. मय्या, अस्मा आणि खौला या तीन बहिणींची ही गोष्ट वरवर पाहता लग्नांची आहे. मला मात्र ती, आपल्याच घरात परकी राहिलेली माणसं जगण्यासाठी स्वतःपुरती जागा कशी करतात, याची वाटते.

याची पहिली खूण रचनेत आहे. कादंबरीत 'मी' म्हणून बोलतो तो फक्त अब्दुल्ला. फ्रँकफर्टला निघालेल्या विमानात अर्धवट झोपेत त्याच्या आठवणी उसळत राहतात. इतरांच्या कथा तटस्थ निवेदक सांगतो. परंपरेनं सत्ता ज्याला दिली, निवेदनाचा हक्कही त्यालाच मिळाला, असं क्षणभर वाटतं. पण श्रीमंत घराचा हा वारस आतून पोरका आहे. आई तान्हेपणीच गेली; अंगणातलं तुळशीच्या जातीचं झुडूप उपटलं म्हणून जिनांनी तिला नेलं, असं गाव सांगतं, आणि त्या कहाणीआड काहीतरी दडलं आहे हा संशय त्याला आयुष्यभर छळतो. एका चुकीसाठी बापानं दोरानं बांधून विहिरीत उलटं टांगल्याची भीती तो मोठेपणीही स्वप्नात भोगतो. प्रेम आहे का, असं तो मय्याला विचारतो तेव्हा ती खळखळून हसते. सगळं तोच सांगतो, तरी शेजारी निजणाऱ्या बाईचं मन त्याला उमगत नाही. पुरुषसत्ता पुरुषालाही किती एकटं पाडते, हे लेखिकेनं एकही भाष्य न करता दाखवलं आहे.

अब्दुल्लाला आईची माया देते जरीफा. ती त्या घरातली गुलाम, आणि सुलेमान व्यापाऱ्याची रखेलही. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली 1970मध्ये. लेखिकेनं जरीफाचा जन्म 25 सप्टेंबर 1926ला घडवला आहे. जिनिव्हात गुलामगिरीविरोधी करारावर सह्या झाल्या तो हा दिवस. तिकडे शाई वाळत असताना इकडे तिची गुलाम आई सरपण गोळा करता करता बाळंत होते. इतिहास आणि माणसाचं जगणं यांतलं अंतर या एका जुळणीतून अंगावर येतं.

मरणासन्न सुलेमान भ्रमात हुकूम सोडतो: जरीफाच्या मुलाला, संजरला, खांबाला बांधा. सरकारनं गुलामांना मुक्त केलंय, असं अब्दुल्ला समजावतो. म्हाताऱ्याला ते पटत नाही. संजर मात्र कुवेतची वाट धरतो. आपण स्वतंत्र आहोत, असं तो बजावतो तेव्हा खुद्द जरीफाच त्याच्यावर संतापते. ज्यानं खाऊ घातलं, वाढवलं त्या मालकाशी ही कृतघ्नता! तिच्या या रागाचं लेखिका समर्थन करत नाही की त्याबद्दल तिला दोषही देत नाही. जिला दुसरं घरच माहीत नाही, तिच्यासाठी मुक्तीसुद्धा बेघर होणं ठरू शकतं, हे ती समजून घेते. म्हणींची सरबत्ती करणारी, गावाच्या सुखदुःखात पुढे असणारी जरीफा मला या कादंबरीतली सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा वाटते.

खौलाची कथा आणखी धीट. कॅनडाला गेलेल्या नासिरची ती वाट पाहते, त्याच्याशी लग्न होतं, आणि तो पुन्हा तिकडच्या प्रेयसीकडे जातो. बऱ्याच वर्षांनी तो कायमचा परततो, संसार रुळतो. आणि सगळं सुरळीत झाल्यावर खौला घटस्फोट मागते. वाट पाहताना भूतकाळाकडे बघायला तिला उसंतच नव्हती. स्वस्थता आल्यावर जुने घाव उघडे पडले. क्षमा करण्याची सक्ती ती नाकारते.

अरब स्त्रीबद्दल बोलताना आपण पटकन तिला पीडितेच्या चौकटीत बसवतो. अल्हार्थी तसं करत नाहीत. मय्याचं मौन, जरीफाची निष्ठा आणि खौलाचा उशिरा आलेला नकार, ही त्यांच्या मते तीन वेगळ्या बुद्धीच्या बायांची तीन उत्तरं आहेत. त्यांतलं कुठलं बरोबर, याचा निवाडा कादंबरी देत नाही. प्रत्येकीला तिच्या अटींवर समजून घ्यायला मात्र ती भाग पाडते, आणि म्हणूनच ती मला मोठी वाटते.